दोराची शिडी : कोंढाण्याच्या कड्यापासून न्हावा-शेवा बंदरापर्यंत

१/ शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. लांबी २१.८ किलोमीटर. या सेतूच्या नवी मुंबईकडील टोकापासून जवळच जवाहरलाल नेहरू बंदर आहे. तेथे येणारी कंटेनर जहाजे शेकडो मीटर लांब असतात, त्यांचे यंत्र-तंत्र अत्याधुनिक असते. मात्र ही जहाजे बंदरात आणणारा पायलट त्यांच्यावर चढतो तो लाकडी पायऱ्यांच्या दोरशिडीने. या शिडीचा हा इतिहास. (थ्रेड)

२/ प्रथम शब्दाचा खुलासा. ‘पायलट’ हा शब्द आज विमानामुळे परिचित असला तरी तो मूळचा जहाजांचा आहे. बंदराचा पायलट म्हणजे त्या बंदराचे पाणी जाणणारा तज्ज्ञ : कोठे खोल, कोठे गाळ, कोठे खडक, भरतीचा ओघ कोणत्या वेळी कोणत्या दिशेने. परक्या जहाजाचा कप्तान कितीही अनुभवी असला तरी ही स्थानिक माहिती त्याच्याकडे नसते. म्हणून पायलटला भर समुद्रात जहाजावर जावे लागते.

३/ ही प्रथा आपल्या किनाऱ्यावर फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात भडोच बंदराचे वर्णन आहे. खंबायतच्या आखातातील वाळूचे बांध आणि भरतीचा वेग यांमुळे परकी जहाजे तेथे अडकत. म्हणून राजाच्या चाकरीतील मच्छीमार मोठ्या नौका घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि जहाजांना वाट दाखवत आत आणत. याच ग्रंथात कल्याण आणि चौल या बंदरांचाही उल्लेख येतो.

४/ दोराच्या शिडीचा महाराष्ट्राला परिचित असलेला प्रसंग मात्र समुद्रावरचा नाही, सह्याद्रीतला आहे. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, कोंढाणा किल्ला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेला हा गड परत घेण्याची कामगिरी तानाजी मालुसरे यांनी पत्करली होती. वर उदेभान राठोड किल्लेदार. दरवाजाने जाणे शक्य नव्हते. उरला तो कडा.

५/ लोकस्मृतीत या प्रसंगाचे केंद्र घोरपड आहे. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातील यशवंती घोरपड घराघरांत पोहोचली. परंतु कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत घोरपड नाही. तेथे दोन निवडक मावळे आहेत. ते रात्री हातापायांच्या बळावर वानरांप्रमाणे कडा चढून गेले. वर पोहोचल्यावर त्यांनी ‘माळ’ लावली आणि तिच्या आधाराने तानाजींसह तीनशे माणसे गडावर गेली.

६/ ‘माळ’ म्हणजे या ठिकाणी दोराची शिडी, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. सभासदाच्या या मोजक्या मजकुरात दोरशिडीचे सारे तत्त्व आले आहे. लाकडी शिडी खालून लावता येते. तिचा भार जमिनीवर असतो. दोरशिडी खालून लावता येत नाही. तिच्यासाठी आधी कोणीतरी वर असावे लागते. पहिले दोघे शिडीविना चढतात, तेव्हाच उरलेल्यांना शिडी मिळते.

७/ म्हणजेच खालच्या माणसाचा जीव वरच्या माणसाच्या गाठीवर असतो. अंधारात चढणाऱ्याला ती गाठ दिसत नाही. दोर कोणत्या दगडाला किंवा झाडाला बांधला आहे, तो काठावर घासतो आहे का, हे तपासण्याची संधी त्याला नाही. त्या रात्री तीनशे जणांनी हा विश्वास दोन माणसांवर टाकला. तानाजी पडल्यावर परतीचे दोर कापून टाकल्याची जी कथा परंपरेने सांगितली जाते, तिचा अर्थही यातूनच उलगडतो : वरची गाठ ज्याच्या हाती, त्याच्या हाती साऱ्यांची वाट.

८/ कड्यावर निदान कडा तरी स्थिर असतो. समुद्रावर हा प्रश्न अवघड होतो. याचे उदाहरण जंजिऱ्याच्या मोहिमेत सापडते. मोरोपंत पिंगळे यांच्या नेतृत्वाखाली सिद्दीच्या त्या जलदुर्गावर हल्ला ठरला, तेव्हा तटाला शिड्या लावण्याचे काम लाय पाटील या कोळी सरदाराने अंगावर घेतले. बखरींतील परंपरेनुसार त्याने रात्री होड्यांतून जाऊन शिड्या लावल्या. परंतु ज्यांनी त्यांवरून चढायचे ते सैन्य वेळेवर आलेच नाही. उजाडण्यापूर्वी त्याला परतावे लागले.

९/ शिवाजी महाराजांनी या धाडसाबद्दल त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावर्दी माणसाला पालखी काय कामाची, असे म्हणून त्याने तो नम्रपणे नाकारला. तेव्हा महाराजांनी त्याला एक गलबत दिले आणि त्याचेच नाव ‘पालखी’ ठेवले, असे सांगतात. या कथेत लाय पाटलाने जे केले ते खालून-वर येणाऱ्या पाण्यावरच्या होडीतून स्थिर भिंतीवर पाऊल टाकण्याचे काम होते. बंदराचा पायलट आज तेच करतो. फरक एवढाच की त्याच्यापुढची भिंतही हलत असते.

१०/ शिडांच्या जहाजांवर दोरशिडी सर्वत्र होती. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या जाड दोरांवर आडवे बारीक दोर बांधले की शिडी तयार होई. तिच्यावरून खलाशी शीड आवरायला वर जात. जहाजाच्या बाजूने खाली सोडायच्या शिडीला युरोपीय दर्यावर्दी ‘याकोबची शिडी’ म्हणत. बायबलमधील याकोबला स्वप्नात पृथ्वीपासून स्वर्गापर्यंत पोहोचलेली शिडी दिसली होती, त्यावरून हे नाव पडले.

११/ युद्धातही हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या दोस्त सैन्यातील अनेक सैनिक मोठ्या जहाजांच्या बाजूंवर सोडलेल्या दोरांच्या जाळ्यांवरून खालच्या डोलणाऱ्या छोट्या नौकांत उतरले. पाठीवर सामान, खाली खवळलेला समुद्र. तेथेही खरा धोका शेवटच्या पावलाचा होता : नौका लाटेबरोबर वर येताना पाय मध्ये सापडला तर सुटका नाही.

१२/ आता पुन्हा नवी मुंबईकडे. मुंबई बंदरावरचा ताण हलका करण्यासाठी खाडीच्या पलीकडे, घारापुरी बेटासमोर नवे बंदर उभारण्यात आले. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. कंटेनर वाहतुकीत ते देशात अग्रस्थानी पोहोचले. परंतु तेथे जाणारा जलमार्ग मुंबई बंदराच्याच मुखातून येतो. मोठ्या उधाणाच्या दिवशी येथे भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांहून अधिक असतो आणि पावसाळ्यात नैऋत्येकडून मोठ्या लाटा येतात. पायलटविना मोठे जहाज आत येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

१३/ पायलट घेण्याची सक्ती ही कायद्याने आली. १९०८ च्या भारतीय बंदर कायद्याच्या ३१ व्या कलमानुसार, ते कलम ज्या बंदरांना लागू केले तेथे २०० टन किंवा त्याहून मोठ्या जहाजाला पायलटशिवाय प्रवेश करता येत नसे. कायद्याने पायलटला जहाजावर जाणे भाग पाडले. जाण्याचे साधन मात्र जुनेच राहिले. बंदराबाहेर ठरलेल्या जागी पायलटची लाँच जहाजाला गाठते आणि जहाजाच्या बाजूवर शिडी सोडलेली असते.

१४/ चढण्याची रीत अशी. जहाज वेग कमी करते, थांबत मात्र नाही. थांबलेले जहाज सुकाणूला दाद देत नाही. कप्तान जहाज असे वळवतो की त्याच्या प्रचंड बाजूमुळे वारा आणि लाट अडून लाँचला आडोसा मिळावा. लाँच जहाजाला चिकटून, त्याच वेगाने चालते. पायलट लाँचच्या कठड्याशी उभा राहून लाटेची वाट पाहतो. लाँच लाटेच्या माथ्यावर आली की त्याच क्षणी तो शिडीवर पाऊल टाकतो.

१५/ माथ्यावरच का? लाँच खाली असताना पाऊल टाकले तर पुढच्या लाटेबरोबर ती वर उसळते आणि शिडीवरच्या माणसाचे पाय लाँच व जहाज यांच्यामध्ये चिरडतात. माथ्यावर पाऊल टाकले की लाँच खाली जाते आणि तो वर राहतो. पहिल्या दोन-तीन पायऱ्या झपाट्याने चढाव्या लागतात. हात पायऱ्यांवर ठेवायचे नाहीत, बाजूच्या दोरांवर ठेवायचे. पायरी एकाएकी सरकू किंवा तुटू शकते. दोर सहसा नाही.

१६/ ही शिडी साधी दिसते, पण तिचा प्रत्येक भाग नियमाने ठरलेला आहे. टायटॅनिकच्या अपघातानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. सध्याचा करार १९७४ चा. त्याच्या पाचव्या प्रकरणातील २३ वा नियम केवळ पायलटच्या चढण्या-उतरण्यासाठी आहे. त्याला जोडून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा तपशीलवार ठराव आहे. त्यात शिडीची मापे मिलिमीटरमध्ये दिली आहेत.

१७/ प्रत्येक बाजूला दोन-दोन दोर, जाडी किमान १८ मिलिमीटर, मध्ये कोठेही जोड नाही, वर वेष्टण नाही. दोर मनिलाचा किंवा त्याच्या तोडीचा. मनिला हा फिलिपिन्समधील आबाका या केळीच्या जातीच्या झाडाचा धागा. खाऱ्या पाण्यात टिकतो, हाताला खरखरीत लागतो आणि भाराखाली फारसा ताणला जात नाही. नायलॉन ताणतो, म्हणून तो या कामाचा नाही. वेष्टण का नको, हेही उघड आहे : झाकलेल्या दोराची झीज दिसत नाही.

१८/ पायऱ्या कठीण लाकडाच्या, गाठी नसलेल्या. दोन दोरांमधील रुंदी किमान ४०० मिलिमीटर, दोन पायऱ्यांतील अंतर ३१० ते ३५० मिलिमीटर आणि सर्वत्र सारखे, कारण चढणारा खाली पाहत नाही. त्याचा पाय अंदाजाने पुढची पायरी शोधतो. तळाच्या चार पायऱ्या रबराच्या चालतात. लाँच आदळली तर लाकूड फुटते, रबर दबते. बदललेल्या पायऱ्या दोनपेक्षा अधिक असता कामा नयेत. त्याहून जास्त खराब झाल्या तर शिडीच बदलायची.

१९/ दोरशिडीचा जुना दोष म्हणजे पीळ. माणूस मध्यावर असताना ती गरकन फिरली तर त्याची पाठ जहाजावर आपटते. त्यावर उपाय म्हणजे किमान १.८ मीटर लांबीची आडवी पायरी. ती जहाजाच्या बाजूला टेकून शिडीला फिरू देत नाही. अशी पहिली लांब पायरी खालून पाचवी असावी आणि पुढे दोन लांब पायऱ्यांत नऊपेक्षा अधिक पायऱ्यांचे अंतर नसावे. ती आणखी खाली असती तर लाँच तिला अडकून शिडीच ओढून नेण्याचा धोका.

२०/ चढणीलाही मर्यादा आहे : ९ मीटर. रिकामे जहाज पाण्यात उंच तरंगते आणि मोठ्या कंटेनर जहाजांची बाजू मुळातच उंच. उंची नऊ मीटरांहून अधिक झाली की दोरशिडी आणि जहाजाचा तिरपा जिना एकत्र लावायचा. पायलट शिडीने जिन्याच्या फलाटापर्यंत जातो व तेथून जिन्याने वर. जवळच उजळणारे जीवरक्षक कडे तयार ठेवायचे आणि साऱ्यावर एका जबाबदार अधिकाऱ्याने उभे राहून देखरेख करायची.

२१/ इतक्या उठाठेवीपेक्षा यंत्र का नाही, हा प्रश्न साहजिक आहे. यंत्राचाही प्रयोग झाला. पायलटला वर खेचून घेणारे यांत्रिक पाळणे अनेक जहाजांवर बसवले गेले. परंतु १ जुलै २०१२ पासून लागू झालेल्या नियमाने त्यांच्या वापरास मनाई केली. नव्या युगाचे यंत्र गेले आणि दोराची शिडी राहिली. अमेरिकेतील कोलंबिया नदीच्या मुखासारख्या काही ठिकाणी हेलिकॉप्टर वापरतात, पण जगातील बहुतेक बंदरांत आजही शिडीच आहे.

२२/ याचे कारण शिडीच्या लवचीकपणात आहे. जहाज आणि लाँच वेगवेगळ्या लयीत डोलतात. जहाजाची बाजू कोठे सरळ, कोठे गोलाईची. भार बदलला की उंची बदलते. ताठ साधन अशा ठिकाणी वाकते, मोडते किंवा माणसाला चिरडते. दोरशिडी जहाजाच्या अंगाला धरून राहते, गुंडाळून ठेवता येते, वीज गेली तरी चालते. शिवाय तिची झीज डोळ्यांना दिसते, पाहणाऱ्याने पाहिली तर.

२३/ आणि नेमका हाच कच्चा दुवा आहे. शिडीची लांबी जागोजागी बदलते. ती वर आणून मध्यावर बांधताना दोन्ही बाजूंचे दोर डेकवरील भक्कम कड्यांना वेढे देऊन पक्के बांधायला हवेत. घाईत एखादा खलाशी लोखंडी कडी दोरांत अडकवून मोकळा होतो. तेव्हा माणसाचा सारा भार दोरांऐवजी पायऱ्या जागेवर धरणाऱ्या लाकडी ठोकळ्यांवर आणि बांधणीवर येतो. खालून पाहणाऱ्याला शिडी ठीकच दिसते. दोष कठड्यापलीकडे असतो.

२४/ याची किंमत जगभर मोजली गेली आहे. ३० डिसेंबर २०१९ रोजी न्यूयॉर्क बंदरात कंटेनर जहाजावर चढताना एक अनुभवी पायलट कोसळून मरण पावला. त्या जहाजावर शिडीतून जिन्याच्या फलाटावर जाण्यासाठी झडपेची वाट होती. तेथे चढणाऱ्याला लटकत्या अवस्थेत अंग वळवून वर जावे लागते. या अपघातानंतर अशा रचनेविरुद्ध जगभरातील पायलटांनी आवाज उठवला. पायलटांची आंतरराष्ट्रीय संघटना दरवर्षी शिड्यांची पाहणी करते आणि दरवर्षी तिला सदोष शिड्या आढळतात.

२५/ या शिडीची दोन्ही टोके नवी मुंबईत शिकवली जातात. करावे येथील टी. एस. चाणक्य ही संस्था १९२७ च्या ‘डफरीन’ आणि १९७२ च्या ‘राजेंद्र’ या प्रशिक्षण जहाजांची वारसदार. १९९३ पासून ती किनाऱ्यावर आली. तेथून अधिकारी घडतात. पायलट होणारे पुढे याच वर्गातून येतात. न्हावा येथील टी. एस. रहमान या संस्थेतून खलाशी घडत आले आहेत. एका किनाऱ्यावरून चढणारा निघतो, दुसऱ्यावरून बांधणारा.

२६/ कोकण किनाऱ्याने जगाच्या जहाजांना पिढ्यान्‌पिढ्या दोर बांधणारे हात पुरवले. इंग्रजांच्या आगबोटींवरही डेकवरच्या खलाशांचा प्रमुख ‘सारंग’ आणि त्याच्या हाताखालचा ‘तांडेल’ असे. जहाजांच्या दैनंदिनीत कप्तानाचे नाव असे, पायलटचे असे. शिडी कोणी बांधली ते मात्र नसे. सभासदानेही कोंढाण्यावर प्रथम चढून माळ लावणाऱ्या त्या दोन मावळ्यांची नावे दिलेली नाहीत.

२७/ नवे नियम नेमके हेच बदलू पाहत आहेत. २०२५ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने पायलट शिडीविषयीच्या नियमांत मोठी सुधारणा स्वीकारली. ती १ जानेवारी २०२८ पासून लागू व्हायची आहे. शिडीची रचना, तिची तपासणी, देखभाल आणि ती वापरातून काढण्याची मुदत यांविषयीचे जे बरेचसे मार्गदर्शन म्हणून होते, ते आता बंधनकारक होईल.

२८/ म्हणजे शिडी तीच राहील : दोर, लाकूड आणि वरची गाठ. ती गाठ कोणाची जबाबदारी, हे मात्र लिहून ठेवावे लागेल. न्हावा-शेवाबाहेर पावसाळ्यातील रात्री लाँचच्या कठड्याशी उभा असलेला पायलट वर पाहतो, तेव्हा त्याला शिडीची खालची टोके आणि जहाजाचे दिवे एवढेच दिसतात. लाट माथ्यावर येते आणि तो पाऊल टाकतो. वरची गाठ अनोळखी माणसाने, बहुधा परक्या देशाच्या खलाशाने, नीट बांधलेली असते, या भरवशावर बंदराचा कारभार चालतो.

(समाप्त)